गियरात ठेवलेली गाडी

आमच्या गाडीच्या तोंडावर शेवरलेचा बिल्ला आहे आणि पोटात सगळं सुबारूचं. वीसेक वर्षांपूर्वी अशा थोड्याशा गाड्या आपल्याकडे विकल्या गेल्या आणि मग बंद झाल्या. शहाण्या लोकांनी त्या वेळेवर काढून टाकल्या. माझ्या नवऱ्याने, धनेशने, ती शोधून शोधून घेतली. तारकर्लीच्या एका हॉटेलवाल्याकडे माडाखाली उभी होती, टपावर झावळ्या पडलेल्या, आत उंदरांनी संसार मांडलेला. आचऱ्यात घराला लागूनच आमचं गॅरेज आहे. जीप, टेम्पो, होड्यांची इंजिनं असं सगळं तिथे येतं. पण ही आली आणि बाकीची सगळी कामं सावत्र झाली.

या गाडीचं इंजिन उभं नसतं, आडवं असतं. दोन पिस्टन डावीकडे तोंड करून, दोन उजवीकडे. धनेशने ते कितीदा खाली उतरवलं ते मी मोजायचं सोडून दिलं. आधी हेड गॅस्केट बदललं. मग पाणी उकळायला लागलं. नळ्यांमध्ये हवा अडकली होती म्हणे. ती काढायला गाडीचं तोंड चढावर करून हा अख्खी दुपार रेडिएटरपाशी बसून राहिला, तापलेल्या पोराच्या उशाशी बसतात तसा. नंतर मोठा रेडिएटर घातला, स्प्रिंगांवर तुकडे घालून गाडी उंच केली, मागे जाड हूक वेल्ड केला. तिची चारही चाकं ओढतात, त्यामुळे ती वाळूत रुतत नाही. तिच्याकडून त्याला किनाऱ्यावर होड्या ओढून घ्यायच्या होत्या आणि तिने त्या ओढल्याही. लोकांनी वाहवा केली. मी लांब माडाखाली उभी होते, कारण ताणलेला दोर तुटला की कुणाला लागेल ते सांगता येत नाही.

मी मुळात भित्री भागूबाई. उतार, खोल पाणी, भरतीचा आवाज, गॅसचं नळकांडं, सगळ्याला घाबरते. माहेर वैभववाडीचं, घाटाखालचं. पोहता येत नाही आणि दिली कुठे, तर खाडीकाठी. "आमची नमू आपल्याच सावळेक भिता," असं धनेश चारचौघांत सांगतो आणि चौघे हसतात. नाव नम्रता असलं तरी अशा वेळी मी काय बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. भित्र्या माणसाचं एक आहे, तो कधी बरोबर निघाला तरी कुणाच्या ध्यानात राहत नाही.

माझे सासरे, भिकाजी, आमचे बाबा, तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, ज्याच्या शब्दावर बाकीचे जाळं टाकतात आणि ओढतात. दर्याला ते कधी भ्याले नाहीत, असं सगळा गाव सांगतो. गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे आणि डावा हात तेवढा चालतो. सुरुवातीला त्यांनी तोंडच मिटून घेतलं होतं, पेजेचा घोट आत जाऊ देत नव्हते. डॉक्टर म्हणाले, अशा माणसांची जगायची इच्छा जाते, लक्ष ठेवा. तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांना गाडीत पुढे, माझ्या डाव्या बाजूला बसवून बंदरावरच्या उतारावर नेत असे. उतार म्हणजे होड्या पाण्यात सोडायला बांधलेला सिमेंटचा रस्ता, तो सरळ पाण्यात शिरतो. गाडीचं तोंड समुद्राकडे करायचं, रिव्हर्स गियर टाकायचा, इंजिन बंद करायचं. बाबा काचेतून होड्या बघत आणि मी मासळी घेत असे. घरी आल्यावर ते जेवत.

हँडब्रेक मात्र ओढायचा नाही. हे आमच्याकडचं शास्त्रच आहे. खाऱ्या हवेत त्याची केबल गंजते, एकदा ओढला की तसाच बसतो आणि मागची चाकं सुटत नाहीत. म्हणून किनाऱ्यावरचा कुठलाही ड्रायव्हर गाडी गियरात टाकतो, चाकाखाली दगड लावतो आणि निवांत जातो. आमची केबल दोनदा अडकली तेव्हा धनेशने ती खालून सोडवूनच टाकली. सीटांच्या मधला दांडा राहिला, नुसता वर-खाली होणारा.

नवरात्र झालं आणि गाडी खालून ठणठणायला लागली. वेग घेतला की मागच्या सीटखाली कुणी हातोडी मारतंय असं वाटायचं. गियरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जो लांब लोखंडी शाफ्ट जातो, त्याचा क्रॉस, म्हणजे फिरता सांधा, गेला होता. जीपचा क्रॉस बदलता येतो. या गाडीचा शाफ्टमध्येच पक्का बसवलेला असतो, शाफ्टच नवा लागतो. तो या मुलखात कुठून आणायचा?

"सध्या काडून टाकूया," धनेश म्हणाला. "जीपचो मागचो शाफ्ट काडून आमी कितीदा घराक इलंव. फुडच्या चाकांर चालता गाडी. दुसरो गावलो की लावया."

त्याने शाफ्ट काढला. गियरबॉक्सच्या मागच्या भोकातून तेल गळू नये म्हणून जुन्याच शाफ्टचं टोक कापून तिथे बूच म्हणून बसवलं. गाडी चालली आणि ठणठण थांबली. मीसुद्धा म्हटलं, चला, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती.

आदल्या संध्याकाळी मी ती पडवीसमोर लावली होती. आमच्या खळ्याला, म्हणजे पुढच्या अंगणाला, किंचित उतार आहे, पाणी निघून जावं म्हणून ठेवलेला. गाडी अख्खं खळं ओलांडून गेली होती आणि कठड्याचा चिरासुद्धा हलला नव्हता, कुणी हाताला धरून नेऊन ठेवल्यासारखी.

"न्यूट्रलात ठेवलंस," धनेश म्हणाला.

"नाय. गियरात घातलंय. बघा तुमीच."

त्याने आत हात घालून गियरचा दांडा हलवला. गाडी गियरात होती. "आता येवन घातलंस," तो म्हणाला. मग शब्दाने शब्द वाढला आणि त्या दिवशी आमच्याकडे चहा झाला नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी बाबांना दवाखान्यातून आणलं. गाडी पडवीसमोर लावली, गियर टाकला, हाताने दाबून बघितला आणि चाकाची खुर्ची आणायला घरात गेले. बाहेर आले तर गाडी पुढे सरकली होती. पावसात सादळली म्हणून पुन्हा वाळत घातलेली कोकमं चाकाखाली चेंगरून खळ्यावर लाल चिखल झाला होता. आत बाबा डाव्या हाताने दोन सीटांच्या मध्ये काहीतरी चाचपडत होते. चेहरा घामाने भिजलेला होता. मला बघितल्यावर त्यांनी हात काढून घेतला.

हे मी धनेशला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "बाबा गियर काडतत."

"गियर तर पडलेलोच हुतो."

"परत घातल्यानी."

"आणि इहिरीकडे गेली तेव्हा? तेव्हा बाबा खाटेर हुते."

"तेव्हा तू चुकलंस."

म्हणजे एकदा मी आणि एकदा बाबा. गाडी आणि तिचा मेकॅनिक, दोघे निर्दोष. पण हे बोलायचं मला सुचलं नाही, कारण बाबांनी गियर का काढावा याचं उत्तर आम्हा दोघांनाही एकदमच सुचलं होतं. समोर विहीर होती. रोज सकाळी समोर समुद्र असायचा.

शेजारच्या, बंदरावर मासळी विकणाऱ्या जानकीकाकीने गाडी आपोआप चालते हे ऐकून लगेच निकाल दिला. "देवचार तो. माडाखाली इतकी वर्सा पडलेली गाडी, तुमी तेका न इचारता हाडलात. एक नारळ ठेवा, गाराणा घाला." देवचार म्हणजे जागेचा न दिसणारा राखणदार. एरवी धनेश असल्या गोष्टींना हसतो. त्या दिवशी त्याने मुकाट्याने नारळ घेतला आणि वाडीच्या सीमेवर नेऊन ठेवला. बापावर संशय घेण्यापेक्षा देवचारावर घेणं त्याला सोपं वाटलं असणार.

मला देवचाराचं भय वाटत नव्हतं. मला बाबांचं वाटायला लागलं. ज्या माणसाला मी आंघोळ घालते, भरवते, त्याच्याकडे पाठ करून उभं राहणं मला जमेना. कात्री, गोळ्या, दाढीचं पातं, सगळं वरच्या फळीवर गेलं. त्यांचा तो डावा हात पांघरुणाखाली गेला की माझा जीव खाली-वर व्हायचा. बंदरावर नेणं मी बंद केलं. रात्री धनेशला झोप लागायची आणि मी कान देऊन पडायचे, खळ्यात चाकाखाली वाळू करकरते का ते ऐकत.

बाबांनी पुन्हा जेवण सोडलं. दारात गाडी दिसली की ते डाव्या हातातली काठी जमिनीवर आपटायचे, घशातून घरघर आवाज काढायचे. डोळे गाडीवर आणि मग माझ्यावर. मला वाटायचं, शिव्या देतायत.

"रागावलेत," धनेश म्हणाला. "समुद्रार नेत नाय म्हणान. जलमभर दर्यात काडल्यानी, आता चार भिंतीत कशे रवतले?"

हे मला पटलं. अगदी पटलं, म्हणून तर पुढचं झालं.

सावंतवाडीला एका भंगारवाल्याकडे अशीच एक मोडकी गाडी पडलेली आहे आणि तिचा शाफ्ट शाबूत आहे, असं धनेशला कळलं. तो सकाळीच मोटरसायकलवर पाने-पक्कड बांधून निघाला. जाताना म्हणाला, "बाबांका वायच बंदरार नी. दोन घास तरी खातीत. गियरात घाल, दगड लाय, नि त्येंच्या हातार लक्ष ठेव."

मी बाबांना गाडीपाशी नेलं. त्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली आणि सोडेनात. "बाबानू, समुद्र बघूक जातव," मी म्हटलं आणि एकेक बोट सोडवलं. लहान मुलाशी बोलतात तशी बोलत होते मी. आत बसवल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, लहर फिरली.

भरती होती. पाणी उताराच्या निम्म्यावर आलं होतं. पावसाळ्यात धरलेलं शेवाळ सिमेंटवर अजून हिरवंगार होतं. मी पाण्यापासून बरीच वर गाडी थांबवली, रिव्हर्स टाकला, इंजिन बंद केलं, गियरचा दांडा दोनदा हलवून बघितला. उतरून पुढच्या चाकाखाली चिऱ्याचा तुकडा लावला. बाबांचा हात मांडीवर होता. मी थोडा वेळ दाराशीच उभी राहिले. मग वरून जानकीकाकीने हाक मारली, बांगडे ठेवले होते तिने. चावी मी बरोबर घेतली. चावी माझ्याकडे असली की गाडी कुठे जाणार, असा आपला माझा हिशेब.

काकी बांगडे पिशवीत घालत होती तेवढ्यात फोन वाजला.

"नमू, गाडी खंय आसा?" धनेशचा आवाज वेगळाच होता.

"उतारार लावलंय."

"बाबा?"

"गाडयेतच आसत. हात बघून इलंय मी..."

"ऐक. बाबा काय करणत नाय. ती गाडी गियरात रवणाच नाय. मागचो शाफ्ट नसलो तर गियर तिका धरूक शकणा नाय. नमू, धाव."

मी वळून बघितलं. गाडी चालली होती. वरातीतली गाडी जाते तशी, सावकाश, कुणाचीही घाई नसल्यासारखी. चिऱ्याचा तुकडा शेवाळावरून तिच्या पुढे पुढे घसरत होता. पुढची चाकं पाण्यात शिरली होती.

मी धावले. मला धीर आला वगैरे काही नाही. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती, पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे पडत होते. शेवाळावर आपटले, फोन आणि चावी हातातून उडाली, कोपर सोललं. उठले. दारापाशी पोचले तेव्हा पाणी गुडघ्याला लागत होतं आणि साडी पायात येत होती. दार उघडून आत पडले, दोन्ही पाय ब्रेकवर दाबले आणि दार ओढून घेतलं.

चाकं थांबली, गाडी थांबली नाही. थांबलेल्या चाकांवर ती शेवाळावरून घसरत राहिली. समोरच्या काचेत नुसतं पाणी दिसायला लागलं. मग कुठल्यातरी सांध्यात चाक अडकलं असावं, एक धक्का बसला आणि ती उभी राहिली. दाराच्या फटीतून पाणी आत यायला लागलं.

आता काय? धनेशच्या कटकटीतून एवढं माझ्या डोक्यात राहिलं होतं की इंजिन बंद असलं तर ब्रेकला एक-दोनदाच जोर असतो, नंतर पेडल दगड होतं. म्हणजे पाय उचलायचा नाही. उचलला तर गाडी गेली आणि गाडीत बाबा. मी एकटी दार उघडून बाहेर पडू शकले असते, हे मला त्या क्षणी कळलं होतं, हे सांगून टाकते. पाणी घोट्यांवर चढत होतं. भरती अजून संपलेली नव्हती. मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

तेव्हा मला शेजारून आवाज ऐकू आला. कटकटकट, आणि पुन्हा कटकटकट. बाबा डावा हात अंगावरून आडवा आणून हँडब्रेकचा दांडा ओढत होते. वर ओढायचे, बटण दाबून खाली सोडायचे, पुन्हा वर. बोटांची सालटी निघाली होती. किती वेळ ओढत होते देव जाणे, मी बांगडे बघत होते तेव्हापासून असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. मरायला निघालेल्या माणसाची नव्हती ती. ती माझीच नजर होती, आरशात रोज दिसणारी.

मग सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. कोकमांच्या दिवशी तो हात गियर शोधत नव्हता, ब्रेक शोधत होता. काठी समुद्रासाठी आपटत नव्हते. गाडीत घालू नका म्हणून आपटत होते. आणि मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली होती.

"बाबानू, तो लागणा नाय," मी ओरडून सांगितलं. "धनेशान काडून टाकल्यान."

त्यांनी दांड्याकडे बघितलं आणि तो सोडून दिला. मग तो हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि सगळा जोर लावून खाली दाबला. मी त्यांचं धोतर बदलते तेव्हाही ते लाजेने डोळे मिटून घेतात. त्या माणसाने सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी ब्रेक दाबत होते आणि वरून तो हात दाबत होता. मी रडत होते, हॉर्न वाजत होता.

पलीकडच्या वाळूवर गावातल्या सत्यवानची रापण चालली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर धरून पंचवीस-तीस माणसांनी ओढायचं मोठं जाळं. अर्ध्यात सोडलं तर त्या दिवसाची मासळी गेली. त्यांनी सोडलं. आरशात मला माणसं धावत येताना दिसली, खांद्यावर दोर घेतलेली. सत्यवान मागे पाण्यात शिरला आणि होड्या ओढायच्या हुकाला दोर बांधला. माणसं उतारावर एकामागे एक उभी राहिली. सत्यवान खिडकीशी आला.

"वयनीनू, आता पाय काडा. आमी ओडतव."

माझा पाय निघेना. मी त्याला सांगितलं, माका जमणा नाय. खरंच जमत नव्हतं. पाय उचलायचा म्हणजे पंचवीस माणसांच्या हातावर विश्वास ठेवायचा, आणि विश्वासाचा आणि माझा संबंध कधीच नव्हता. "काडा, वयनी," तो पुन्हा म्हणाला. दोर ताणून करकरत होता.

बाबांनी आधी आपला हात उचलला. गुडघ्यावर दोनदा हलकेच थोपटलं. मग मी पाय काढले.

गाडी एकदा पुढे हबकली. मग ती मागे सरकायला लागली, हातभर, आणखी हातभर. काचेतलं पाणी खाली गेलं आणि आभाळ दिसलं.

दुपारी धनेश आला. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं. शाफ्ट आणलाच नव्हता, सावंतवाडीलाच टाकून आला होता. माझा फोन उतारावर पडला तेव्हा चालूच राहिला होता. सावंतवाडीहून त्याला बराच वेळ नुसता हॉर्न ऐकू येत होता आणि मग एकाएकी काहीच नाही. पाणी फोनपर्यंत चढलं असणार. त्यानंतर इथवर तो कसा आला ते त्याला स्वतःला सांगता येईना.

गाडी खळ्यात निथळत उभी होती. धनेशने आत हात घालून रिव्हर्स टाकला, पुढे येऊन बॉनेटला खांदा लावला आणि ढकललं. गाडी सावकाश मागे गेली. गियरात. त्या मोडक्या गाडीचा शाफ्ट काढून तो उठताना बंपरला टेकला होता आणि ती गियरात असूनही अशीच हलली होती, म्हणून तर त्याने फोन केला. मला तो सांगत होता, पण बघत जमिनीकडे होता. जीपचं आतलं गणित साधं असतं. या गाडीत मध्ये एक डबा असतो, पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारा, आणि त्यात दाट तेल असतं. मागचा शाफ्ट काढला की मागची बाजू मोकळी. मग गियर कितीही पडलेला असो, गाडीला धरून ठेवायला फक्त ते तेल. आणि दाट तेल काकवीसारखं असतं, धरतं, पण हळूहळू सोडतं.

"गाडयेची चूक नाय," तो म्हणाला. "मी तिका जीप समाजलंय."

"आणि बाबांका काय समाजलास?" मी विचारलं. मला राग आवरत नव्हता. त्याचा आणि माझाही. हँडब्रेकचं सांगितलं, सोललेल्या बोटांचं सांगितलं, सकाळी चौकटीवरून हात कसा सोडवला तेही सांगितलं. "त्येंका मराचा नाय हुता. त्येंका भय वाटत हुता. रोज सांगत हुते, आमका कळला नाय."

धनेश आत गेला. मी दाराशी उभी राहिले. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते, डाव्या हाताच्या बोटांना मी हळद लावून फडकं गुंडाळलं होतं. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

बाबांनी त्याच्या थोबाडीत मारली. फडकं गुंडाळलेल्या हाताची, दुबळी, पण नीट नेम धरून मारलेली. चाळिशीचा माणूस, गावात चारजण ज्याचं ऐकतात, तो तिथेच हमसून हमसून रडायला लागला. बाबांचेही डोळे वाहत होते. मग त्याच हाताने त्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर पकडली आणि धरून ठेवली.

मी पेज आणली. धनेशला हलताच येत नव्हतं, म्हणून आज त्यानेच भरवली. बाबांनी वाटी संपवली, डोळ्यांनीच आणखी मागितली, पण कॉलर काही सोडली नाही.